साठची कॅसेट, सहासष्ट मिनिटांचा अल्बम

दुकानाचा माळा दर दिवाळीला आवरायचं ठरतं आणि दर दिवाळीला राहतं. यंदा उंदरांनी ओआरएसच्या पुड्यांचा खोका फोडला, तेव्हा नाइलाजानं शिडी लावली. औषध कंपन्यांची जुनी कॅलेंडरं, मोडका वजनकाटा, बिलबुकांचे गठ्ठे, आणि त्यांच्या मागं बुटाचा एक खोका. आत कॅसेट. बहुतेकींच्या फिती आतल्या आत चिकटलेल्या. एकीवर मात्र निळ्या शाईत माझंच अक्षर: ‘पिंक फ्लॉइड, डिव्हिजन बेल’. म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा त्या नावाचा अल्बम. शेजारी मी एक घंटा काढली होती. दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा आणि लोखंडी टोला, आमच्या झेडपीच्या शाळेत असायची तशी.

ती घंटा तशी का काढली, ते सांगतो. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला डिव्हिजन म्हणजे तुकडी. अ तुकडी, ब तुकडी. नाहीतर निकालात मिळते ती, फर्स्ट डिव्हिजन. त्यामुळं डिव्हिजन बेल म्हणजे तास संपल्याची घंटा, हा अर्थ मी माझा मीच लावला आणि पुढं कित्येक वर्षं इतरांनाही समजावून सांगितला. ती घंटा खरं तर ब्रिटिश पार्लमेंटमधली. सभागृहात मतविभागणी पुकारली की ती वाजते आणि सदस्य असतील तिथून मत द्यायला धावतात. होयवाले एका बाजूला, नाहीवाले दुसऱ्या. अल्बमला हे नाव सुचवलं डग्लस ॲडम्स या लेखकानं, शेवटच्या गाण्यातल्या एका ओळीतून उचलून. बदल्यात बँडनं त्याच्या पसंतीच्या संस्थेला देणगी दिली. शेवटच्या गाण्यातून, एवढं लक्षात ठेवा. कारण ते शेवटचं गाणं माझ्याकडं नव्हतंच.

१९९५चा पावसाळा. मी औरंगाबादला बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होतो (शहराचं नाव तेव्हा तेच होतं, म्हणून तेच लिहितो). उस्मानपुऱ्यात दोघांत एक खोली. माझा रूम पार्टनर उदगीरकडचा आणि फ्लॉइडच्या बाबतीत कडक सोवळ्याचा. १९७३ ते १९७९ मधले अल्बम म्हणजे वेद, बाकी सगळी भाकडकथा. बँडचा मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स १९८५ला बँड सोडून गेला, त्या दिवशी याच्या लेखी फ्लॉइड वारला. “आता उरलंय ते वर्षश्राद्धाचं जेवण,” म्हणायचा. “पंगत मोठी, पण ज्याच्यासाठी घातली तो फोटोत.” वॉटर्सचं स्वतःचं मत याहून सौम्य नव्हतं. त्यानं हा अल्बम सरळ कचऱ्यात काढला होता, हे मी पुढं कधीतरी वाचलं.

मला मात्र हाच अल्बम हवा होता. का, तर नवा होता म्हणून. १९९४च्या मार्चअखेरीला इंग्लंडात निघालेली गोष्ट वर्षभरात पैठण गेटजवळच्या काचेच्या टपरीत येते, याचंच अप्रूप. तिथं एकजण कॅसेट भरून द्यायचा. वहीतला नंबर सांगायचा, कोरी कॅसेट निवडायची, दोन दिवसांनी भरलेली न्यायची. साठची पस्तीस रुपये, नव्वदची पन्नास. पंधरा रुपयांचा फरक म्हणजे मेस बंद असलेल्या रविवारचं रात्रीचं जेवण. मी विचारलं, “साठमध्ये बसतंय का?”

“बसवतो ना,” तो म्हणाला.

अल्बम साडेसहासष्ट मिनिटांचा आहे. पहिली पाच गाणी सत्तावीस मिनिटांत संपतात, ती ए बाजूला नीट बसली. तीन मिनिटांची फीत उरली. फीत वाया घालवणं त्याच्या तत्त्वात बसत नसावं, कारण तिथं त्यानं आपखुशीनं कुमार सानूचं अर्धं गाणं भरून दिलं. बी बाजूला सहा गाणी, एकोणचाळीस मिनिटं. साठच्या कॅसेटला मिनिटभर फीत जास्तीची असते, त्यामुळं अल्बममधलं दहावं गाणं कसंबसं पुरं व्हायचं. मग मधमाशीची गुणगुण. मग लांबून एक घंटा. टण्ण. दुसरी वाजता वाजता खट्ट, बटण वर.

मला वाटलं, हाच शेवट. नाव डिव्हिजन बेल, शेवटी घंटा, तास संपला, वह्या मिटा. काय डोकं आहे! पार्टनरलाही मी हे पटवून दिलं. एरवी नाक मुरडणारा तो माणूस म्हणाला, “शेवट मात्र भारी केलाय बरं का.”

सहा वर्षं आम्ही त्या खट्टवर फिदा होतो.

२००१ला, लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला मेव्हण्याकडं गेलो. त्याच्याकडं सीडींचं कपाट. डिव्हिजन बेल दिसल्यावर मीच लावायला सांगितली, आणि दहावं गाणं संपत आलं तसं नव्या जावयाच्या तोऱ्यात म्हणालो, “आता शेवट ऐका.” मधमाशी आली. घंटा आली. मी समेवर हात द्यायच्या तयारीत. घंटा पुन्हा वाजली. पुन्हा वाजली. थांबेचना. आणि तिच्या खालून पियानो सुरू झाला.

साडेआठ मिनिटांचं ‘हाय होप्स’ मी मेव्हण्याच्या हॉलमध्ये उभ्यानं ऐकलं. चहा गार झाला. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको: लहानपणीचं गाव, तिथून दिसणारं क्षितिज, मागं सुटलेली वाट, आणि शेवटाला बँडचा गिटारवाला आणि गायक डेव्हिड गिलमोरचं लॅप स्टील गिटार, वाजतं कमी, हंबरतं जास्त. मेव्हणा म्हणाला, “भाऊजी, तुम्ही ऐकलं नव्हतं का हे?” मी म्हणालो, “ऐकलंय की, खूप दिवसांनी ऐकतोय.” चोवीस वर्षांनी आज कबूल करतोय. बायको हे वाचेल आणि भावाला फोन लावेल.

त्यानंतर माझंही सगळ्यांसारखंच झालं. डिव्हिजन बेल म्हणजे ‘हाय होप्स’. बाकीची गाणी तिथं पोचायच्या वाटेवरचे एसटीचे थांबे, उतरायचं नाहीच. आता कॅसेट सापडली म्हणून पहिल्यापासून बसून ऐकला, तेव्हा कळलं की मी हा अल्बम दोनदा चुकीचा ऐकला. आधी त्याला शेवट नव्हता म्हणून, आणि नंतर माझ्यापुरता त्याला शेवटच तेवढा होता म्हणून.

टू-इन-वन दुरुस्त करून घेतला. स्टेशन रोडला एक म्हातारे मेकॅनिक अजून हे काम करतात. दोन रबरी बेल्ट बदलले, हेड घासलं, दीडशे रुपये. “काय ऐकायचंय?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “जुनं आहे.” त्यांना वाटलं लता.

पहिला तुकडा ‘क्लस्टर वन’. सुरुवातीला नुसता खरखराट, बराच वेळ. सूर्यावरून येणाऱ्या कणांच्या वाऱ्यामुळं पृथ्वीभोवती जो विद्युतचुंबकीय गोंगाट चालू असतो, त्याचा हा आवाज. तेव्हा परदेशातही लोकांना आपला प्लेअर बिघडला असं वाटलं होतं. मी तर १९९५ला प्रॅक्टिकलमधलं सर्जिकल स्पिरिट खिशातून आणून तीनदा हेड पुसलं होतं. आता इतकी वर्षं माळ्यावर काढलेल्या फितीची स्वतःची खरखर त्यात मिसळलेली. कुठली सूर्याची, कुठली बँडची आणि कुठली परभणीच्या उन्हाळ्याची, काही कळेना. मग त्या धुळीतून रिचर्ड राइटचा पियानो येतो आणि गिटार त्याला उत्तर देतं. एक बोलतो, दुसरा थांबतो. दुसरा बोलतो, पहिला थांबतो. सहा मिनिटं एवढंच. विशीत मला हे रटाळ वाटायचं. वाटायचं, सुरू कधी होणार?

‘व्हॉट डू यू वॉन्ट फ्रॉम मी’ला अजून धार आहे. नवराबायकोचं भांडण ज्यांनी केलंय त्यांना शब्द कळायची गरज नाही. ‘पोल्स अपार्ट’मध्ये दोन जुन्या मित्रांशी बोलणं आहे: एक सिड बॅरेट, ज्याचं डोकं फिरलं आणि बँड हातातून गेला, आणि दुसरा अर्थातच वॉटर्स. मध्येच जत्रेतल्या पाळण्याजवळ उभं राहिल्यासारखे आवाज येतात. तो मधला भाग मला आजही उगाच वाटतो. ‘मरून्ड’मध्ये शब्दच नाहीत. गिलमोर पायातल्या पेडलनं सूर उचलून थेट वरच्या सप्तकात नेऊन ठेवतो. सारंगीवाला मींड घेताना जिवावर आल्यासारखा हळू सरकतो, हा माणूस तेच अंतर झोक्यावर बसून कापतो. पिंक फ्लॉइडला मिळालेलं एकमेव ग्रॅमी या तुकड्याला आहे. सगळा अल्बम बोलण्याविषयीचा आणि बक्षीस न बोलणाऱ्या गाण्याला.

‘अ ग्रेट डे फॉर फ्रीडम’ बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या भ्रमनिरासाचं. जल्लोष झाला, आणि मग दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्या गावातला मी. गाणं जर्मनीचं असलं तरी शेवटचं गिटार ऐकताना आपल्याच घरचं काही पडल्यासारखं वाटायचं. आणि ते सावरायच्या आत कुमार सानू. परवाही आला, वेळेवर. खरं सांगतो, मोबाइलवर हे गाणं संपलं की आजही मी त्याची वाट बघतो.

आता बी बाजू.

तिच्या पहिल्या गाण्यावर मी तेव्हा कायम अन्याय केला. ‘वेअरिंग द इनसाइड आउट’. सात मिनिटांना थोडं कमी, संथ, कुणी दमलेला माणूस गातोय. वॉकमनचे सेल वाचवायला मी कॅसेट पेन्सिलीवर फिरवून ते पुढं ढकलायचो. किती वेढे द्यायचे, हे बोटांना पाठ होतं. इतकं पाठ की गाणं मला फारसं माहीतच नव्हतं. गाणारा गिलमोर नाही, हेसुद्धा मला परवा कळलं. तो राइट आहे.

राइटची गोष्ट सांगायलाच पाहिजे. बँडच्या पहिल्या दिवसांपासूनचा माणूस, की-बोर्डवाला, आपल्या भाषेत पेटीवाला. १९७९ला ‘द वॉल’ हा अल्बम करताना वॉटर्सनं त्याला बाहेर काढलं. पुढं त्या दौऱ्यात तोच राइट पगारी वादक म्हणून वाजवत होता. स्वतःच्या शेतात सालगडी. १९८७च्या अल्बमलाही पगारावरच. १९९४ला मात्र अकरापैकी पाच गाण्यांत त्याचा हात आहे आणि १९७३नंतर पहिल्यांदा फ्लॉइडच्या अल्बमवर तो मुख्य आवाजात गातो. तरीही करारात तो पूर्ण भागीदार नव्हताच. यावरून तो अल्बम सोडून जायच्या बेतात होता. म्हणजे जमीन कसतोय, पीक त्याच्या हातचं, पण सातबाऱ्यावर नाव नाही. मराठवाड्यात हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक गंमत. १९९३च्या सुरुवातीला तिघं (गिलमोर, राइट आणि ड्रमवाला निक मेसन) नुसते एकत्र बसून वाजवत राहिले, तेव्हा दोन आठवड्यांत पासष्टेक तुकडे जमले. पुढचं काम गिलमोरच्या ‘अस्टोरिया’ या थेम्स नदीवरच्या हाउसबोटीत. तुकडे निवडायचे कसे? तर प्रत्येकानं दहापैकी गुण द्यायचे. राइटनं स्वतःच्या प्रत्येक तुकड्याला दहा आणि इतरांच्या प्रत्येकाला शून्य दिलं. हे वाचलं तेव्हा मी काउंटरवर एकटाच हसलो, गिऱ्हाईक चमकलं. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून वेगळं काय होतं? पण मग वाटलं, चौदा-पंधरा वर्षं ज्याला मतच नव्हतं, त्याच्या हातात चिठ्ठी आली तर तो दुसरं काय करील.

गाण्याचे शब्द त्याचे नाहीत, अँथनी मूर यांनी लिहिलेत. आत मिटून गेलेला, बोलणं सोडलेला माणूस हळूहळू पुन्हा तोंड उघडायला बघतोय, एवढाच विषय. आधी डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो (१९७३ आणि १९७५च्या अल्बमवरचाच हा माणूस, तोही इतक्या वर्षांनी परत आलेला) आणि मग राइट. आवाजाला ताकद नाही. सूर लागतो, पण लागेल याची खात्री नसल्यासारखा लागतो. मागून बायका गातात, गिलमोर गातो, पण कुणी त्याच्या पुढं जात नाही. आजाऱ्याच्या चालीनं चालतात सगळे. माझ्या मते या अल्बमचं काळीज इथं आहे, ‘हाय होप्स’मध्ये नाही. ‘हाय होप्स’ला स्वतःचं सौंदर्य माहीत आहे. याला नाही.

‘टेक इट बॅक’ तेव्हाही उसनं वाटायचं, आजही. दुसऱ्या कुठल्या तरी बँडचा कोट अंगात घातल्यासारखं. ‘कमिंग बॅक टू लाइफ’ची सुरुवातीची गिटार मात्र दुकान बंद करून घरी निघालेल्या माणसानं ऐकावी, शहागंजच्या नाहीतर वसमत रोडच्या कुठल्याही गर्दीत चालेल.

‘कीप टॉकिंग’ आणि ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’कडं यायच्या आधी मला गावाकडं जावं लागेल.

ज्या वर्षी मी ती कॅसेट भरून घेतली, त्याच उन्हाळ्यात आमची वाटणी झाली होती. जिंतूर तालुक्यात, पूर्णेच्या काठानं आमची सोळा एकर. वडील, म्हणजे अण्णा, थोरले. बापू धाकटे. आठ-आठ एकर झाली, बैल वाटले, भांडी वाटली. विहीर कशी वाटणार? ती सामाईक ठेवली. पाण्याची पाळी तीन दिवस यांची, तीन दिवस त्यांची. पहिल्याच रब्बीत पाळी संपूनही एका रात्री मोटर चालू राहिली. कुणाची, यावर आजही दोन मतं आहेत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जे शब्द झाले ते झाले, आणि त्यानंतर अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

एकमेकांशी, म्हणजे थेट. काम अडायचं नाही. संध्याकाळी दोघंही बांधावर येऊन बसायचे, अण्णा अलीकडं, बापू पलीकडं, मधे पाच-सात हात. सुट्टीत मी गेलो की मधे मी. “सांग त्याला, उद्या तुरीला फवारा मारणार हाय, बैल इकडं सोडू नको म्हणावं.” बापूंना स्पष्ट ऐकू गेलेलं असायचं. तरी ते माझ्या तोंडाकडं बघायचे. मी तेच पुन्हा सांगायचो. मग ते म्हणायचे, “बरं म्हणावं.” मी अण्णांकडं वळून, “बरं म्हणालेत.” डोक्यात ‘कीप टॉकिंग’ चालू. त्या गाण्यात स्टीफन हॉकिंग यांचा यंत्रातून येणारा आवाज आहे, एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीतून घेतलेला; ज्या माणसाची वाचा गेलीय तो माणसाच्या बोलण्याविषयी बोलतोय. मला वाटायचं, मीपण तेच यंत्र आहे.

अल्बमचं कव्हर मी पहिल्यांदा पुण्यात पाहिलं. स्टॉर्म थॉर्गर्सनचं काम. केंब्रिजजवळच्या ईली गावाच्या शेतात उभी केलेली माणसाएवढ्याहून मोठी, तीन-तीन मीटरची दोन धातूची मुंडकी, समोरासमोर. बोलतायत की तोंड मिटून बसलीत, ठरवता येत नाही. मधून लांबवर चर्च दिसतं. दोन चेहरे मिळून समोर बघणारा तिसरा चेहरा तयार होतो, नीट पाहिलं तर. मेव्हण्याला ते दाखवावं लागलं. मला लगेच दिसला. कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं.

आणि ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’. त्यात एक माणूस भांडण मिटवायला दार उघडतो आणि समोरचे त्याला जे ऐकवतात, ते या ब्लॉगवर लिहिता येणार नाही. अण्णांनी १९९८च्या पाडव्याला माझ्या हाती पुरणपोळीचा डबा पाठवला होता. बापूंनी जे उत्तर दिलं, तेही इथं लिहिता येणार नाही. डबा मात्र ठेवून घेतला.

२ जुलै २००५ला लंडनच्या लाइव्ह एट या संगीताच्या जाहीर कार्यक्रमात वॉटर्स, गिलमोर, राइट आणि मेसन चोवीस वर्षांनी एका मंचावर आले. वीस-पंचवीस मिनिटं वाजवलं, शेवटी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. आमच्याकडं २००६ला चुलत बहिणीच्या लग्नात, पंगतीत योगायोगानं शेजारी पान आलं तेव्हा, बापू भात कालवता कालवता म्हणाले, “मोटर नवी बसवली म्हणं.” अण्णा म्हणाले, “हो. पाचची.” संपलं. एवढाच समेट. गळाभेट नाही, पाणी नाही डोळ्यात. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले, पीकपाण्याचंच, पण मधे मी लागत नव्हतो. विहिरीचा विषय शेवटपर्यंत निघाला नाही. राइट सप्टेंबर २००८मध्ये गेला. अण्णा २०१३ला.

मी आता पन्नास वर्षांचा आहे. हा अल्बम आला तेव्हा राइट आणि मेसन पन्नासचे होते, गिलमोर अठ्ठेचाळीसचा. पार्टनरला फोन करून हे सांगितलं. तो आता हैदराबादला औषध कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणाला, “श्राद्धाचं जेवण आता पचायला लागलं म्हणजे आपलं वय झालं.” पण लगेच पुढं, “घंटेनंतर गाणं आहे हे तुला कधी कळलं?” मी वर्ष सांगितलं. “मला ९७लाच कळलं होतं,” म्हणाला. “पण तू इतक्या खुशीत सांगत होतास.”

गेल्या महिन्यात बापूंना डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीला संभाजीनगरला घेऊन गेलो. वय शहात्तर. भजनी मंडळात पेटी वाजवतात, आता नजर कमी झाली तरी बोटं चुकत नाहीत. त्यांचे भजनाचे पेन ड्राइव्ह जिंतूरपर्यंत वाजवले. मग म्हणालो, बापू, आता माझं लावू का? म्हणाले, लाव.

‘क्लस्टर वन’ सुरू झालं. थोडा वेळ ऐकून त्यांनी डॅशबोर्डवर दोन चापट्या मारल्या.

“टेप बिघडलाय.”

“नाही बापू, तसंच आहे ते.”

“तसंच? पैसे देऊन?”

‘मरून्ड’ला डोळा लागला त्यांचा. ‘ग्रेट डे’ संपलं, कुमार सानू आला नाही, राइटचं गाणं लागलं आणि ते जागे झाले. खिडकीकडं तोंड करून ऐकत होते. इंग्रजीचं अक्षर येत नाही.

“हा कोण?”

“पेटीवाला आहे त्यांचा. एकवीस वर्षांनी गायलाय.”

“वाटायलंच,” बापू म्हणाले. “आजारातनं उठल्यावानी गायलाय. सूर हाय, पण आवाजावर भरवसा नाही अजून त्याचा.” मांडीवर बोटं हलायला लागली होती, पेटीवर हलतात तशी. गाणं संपल्यावर म्हणाले, “चांगला माणूस असल हा.”

मंठ्याच्या अलीकडं ‘हाय होप्स’ची घंटा वाजली. बापूंनी सवयीनं बाहेर बघून हात जोडले. “कोणतं देऊळ रे?” दोन्ही बाजूंना कापूस वेचायला आलेला, देऊळ नव्हतं. मी म्हणालो, गाण्यातली आहे. त्यांनी हात तसेच थोडा वेळ राहू दिले.

लॅप स्टील ओसरलं, घंटाही लांब गेली. या अल्बमच्या अगदी शेवटी, सगळं शांत झाल्यावर, हळू आवाजात एक टेलिफोन आहे. बँडचा मॅनेजर स्टीव्ह ओरूर्कला अल्बममध्ये कुठंतरी यायचं होतं, म्हणून त्याचं हे बोलणं ठेवलंय. फोन गिलमोरच्या सावत्र मुलानं उचललाय, चार्ली. मॅनेजर त्याला हॅलो म्हणतो आणि पोरगं फोन ठेवून देतं.

बापूंनी माझ्या खिशाकडं पाहिलं. “कोणाचा होता?”

“माझा नाही. गाण्यातला. त्यांच्या मॅनेजरनं लावला, लहान पोरानं उचलला अन् ठेवून दिला.”

“बोललं नाही?”

“नाही.”

पुढं रस्त्याचं काम चालू होतं, गाडी थांबली. बापूंनी खिडकी खाली घेतली, समोरचा ट्रक हलेपर्यंत बाहेर बघत राहिले.

“परत लाव म्हणावं त्याला.”